येतो, दुर्गाबाई

१

दुर्गाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणत. साफ खोटं. कारणं ढीगभर होती. ती कुणाला सांगायची नाही, एवढंच.

पूर्णेच्या वाळूवर तिचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, तर तुराट्यांच्या चार भिंती, पऱ्हाटीचं छप्पर, दोन चुली आणि पंगतीला बसायला गोणपाटाच्या पट्ट्या. संक्रांतीनंतर नदी उतरली की उभं राहायचं, मृगाच्या आत मोडायचं. पण हिवरखेड-तेल्हाऱ्याकडून अकोल्याला निघालेला गाडीवान नदी ओलांडून आला की बैल आपसूक तिथेच थांबत. शेजारच्या मांडवात सिंदीच्या दारूचा सरकारी ठेका होता, हे एक कारण, कबूल. खरं कारण मात्र पाणी. त्या पट्ट्यातल्या सगळ्या विहिरी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं. दुर्गाबाई रोज सकाळी वाळूत कोपरापर्यंत हात घालून झिरा उकरायची, त्यात गोड पाणी पाझरायचं, आणि त्या पाण्याचं वरण अन् ज्वारीची गरम भाकर खाल्ली की माणूस पुन्हा दुसरीकडे जेवायचं नाव घेत नसे. साहेबाच्या कचेरीतला शिरस्तेदार दौऱ्यावर असताना वाट वाकडी करून येई आणि वाळूत मांडी घालून बसे.

झोपडीला दोन दारं. एक दरडीकडचं, गिऱ्हाइकांचं. दुसरं नदीकडचं, झिऱ्यावर जायचं.

दुपारी जेवणं आटोपली की गाड्या जुंपल्या जात. मग एकेक जण मिशीवरचं पाणी पुसत म्हणे, "येतो दुर्गाबाई." आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे काय सांगायला पाहिजे? तसं म्हणणं अभद्र. म्हणून 'येतो', आणि त्याचं उत्तर 'या'. हे उत्तर मिळालं नाही तर भला धट्टाकट्टा माणूसही दारात घुटमळतो. दुर्गाबाई चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "या." दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. तोंड म्हणायचं, हात भाकर थापायचे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. त्या सोमवारी शेवटी उठला तो हिवरखेडचा कुर्बान. मीठ-गुळाचा व्यापारी, तोंडानं बडबड्या, मनानं सरळ. त्याची गाडी खडखडत दरड चढून अकोल्याच्या रस्त्याला लागली. ठेकेवाला मडकी पालथी घालून गावात झोपायला गेला. दुर्गाबाईनं परात राखेनं घासायला घेतली.

"येतो दुर्गाबाई."

"या," ती म्हणाली.

परात अर्धी घासून झाली तेव्हा तिचा हात थांबला. आता कोण राहिलं होतं?

ती दरडीकडच्या दारात आली. रस्ता रिकामा, कुर्बानच्या गाडीचा धुरळासुद्धा बसलेला. मग तिच्या ध्यानात आलं, की आवाज त्या दारातून आलाच नव्हता. नदीकडून आला होता. ती त्या दाराशी गेली. पांढरी वाळू, त्यापलीकडे पाण्याची बारीक धार, धारेच्या वळणावर डोह. चिटपाखरू नाही. उन्हात वाळूकडे बघवत नव्हतं.

"गेला असंल कोनी मस्करी करून," ती मोठ्यानं म्हणाली आणि परातीकडे परतली. पण राख जरा जास्तच जोरात घासली गेली.

२

आता नत्थुजीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नत्थुजी दुर्गाबाईचा नवरा. तीन वर्षांमागे, भादव्यात, नदी दोन्ही थड्या भरून चालली असताना त्यानं पलीकडे जायचं काढलं. पलीकडच्या गावात त्याचा धाकटा भाऊ पंजाबराव राहायचा. त्यानं शेताच्या वाटणीला बोलावलं होतं. दुर्गाबाई म्हणाली, पाणी उतरू द्या, वाटणी पळून चालली का? नत्थुजीनं ऐकलं नाही. भावानं हाक मारली की हा उठलाच. भोपळ्यांची सांगड खांद्यावर घेऊन तो थडीवर गेला, ती भांडत भांडत मागे गेली. त्यानं सांगड पाण्यात टाकली, मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

आणि दुर्गाबाई म्हणाली, "जा! जा एकदाचा!"

एवढंच. ऐकायला तिथे कुणी नव्हतं. सांगडीचा एक भोपळा तिसऱ्या दिवशी खाली एका गावाशी सापडला. माणूस सापडला नाही.

लोक म्हणाले, बुडाला. दुर्गाबाई म्हणाली, रुसला. रुसून बसायची त्याला खोडच होती. एकदा वरणात मीठ जास्त पडलं म्हणून दोन दिवस देवळात जाऊन निजला होता. बसला असेल कुठे तरी कापसाच्या जिनात नाहीतर गिरणीत काम करत, बायकोला धडा शिकवत. येऊ तर दे, मग सांगते त्याला! तीन वर्षं ती हेच घोकत होती. कपाळावरचं कुंकू रोज आणखी थोडं मोठं लावत होती. कारण तो बुडाला असेल, तर त्याला पाण्यात तिनं घातलं होतं. असला हिशेब कुणाला सोसेल? त्यापेक्षा राग बरा.

सासू, गंगूबाई, तिच्याजवळच असे. त्याच भादव्याच्या तापात म्हातारीचे दोन्ही कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ओठांकडे बघून अंदाज करी. दिवसभर नदीकडच्या दाराशी बसून मिरच्यांची देठं खुडायची. दुर्गाबाईनं त्या शब्दाबद्दल तिला कधी सांगितलं नव्हतं. काय सांगणार? तुमच्या लेकाला मी 'ये' म्हटलं नाही?

आणि पंजाबरावानं निरोप धाडला होता, की यंदा आखाजीला दादाच्या नावाची घागर भरायची. आखाजीला मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्या तोंडावर डांगराचं फळ ठेवतात, पितराला जेवू घालतात. घागर भरली की संपलं. माणूस मेलेल्यांत गेला.

निरोप घेऊन आलेल्याला दुर्गाबाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

३

मंगळवारी आवाज पुन्हा आला. तीच वेळ, तेच शब्द. तोंडातून 'या' निघून गेल्यावर तिला कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळत नदीकडे गेली. कुणी नाही.

बुधवारी कुर्बान अकोल्याहून परतला, तर बैल सोडायच्या आधीच तिनं त्याला धरलं.

"माह्यासंगं मस्करी करते का रे कुर्बान? तोंड जाळीन तुह्यं!"

"या अल्ला! म्या काय केलं, भाबी?"

"सोमवारी गेल्यावर मांगून आवाज कोनं देल्ला? येतो दुर्गाबाई, येतो दुर्गाबाई!"

"भाबी, कसम खुदाकी, मी त दरड चढून पार गेल्तो. माह्या बैलाले इचारा. अन् मी तुमाले कधी दुर्गाबाई म्हनलो का? भाबीच म्हनतो ना. नत्थुजी माह्या यार होता."

"होता?" दुर्गाबाईच्या हातात पळी होती. "होता काहून म्हनते रे? हाय म्हन!"

कुर्बाननं पळीकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाला, "हाय. हाय ना, भाबी. कोन नाई म्हनते?"

मग जेवता जेवता हळूच म्हणाला, "आवाज कोनाचा होता पन?"

हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता. ती आठवू लागली. पुरुषाचा होता, पण अमक्याचा असं सांगता येईना. सगळ्या गिऱ्हाइकांचे आवाज एका मडक्यात घालून हलवले तर जसा निघेल तसा. तिनं कुर्बानला म्हटलं, "दरडीवरून आवाज घुमते, दुसरं काय," आणि त्याच्या पानात न मागता आणखी एक भाकर टाकली.

त्या दुपारी तिनं ठरवलं, आज कुणालाच उत्तर द्यायचं नाही. गिऱ्हाइकं चक्रावली. "येतो दुर्गाबाई" म्हणून एकेक दारात उभा राही, ती आपली चुलीत फुंकर घालतेय. एक तेल्हाऱ्याचा गाडीवान तर परत आत आला, "काही चुकलं का बाई?" म्हणून. ती खेकसली, "जेवला ना? मंग पाय नाईत का?" तो बिचारा निघाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

सगळे गेले. ती ओठ घट्ट मिटून बसली.

"येतो दुर्गाबाई."

या वेळी जवळून, झिऱ्याच्या अलीकडून. तिनं तोंड उघडलं नाही.

नदीकडच्या दाराशी गंगूबाई मिरच्या खुडत होती. त्या म्हातारीच्या पाठीमागे ठेक्यातलं मडकं फुटलं असतं तरी तिला कळलं नसतं. तिनं खुडणं थांबवलं, नदीकडे तोंड केलं आणि प्रेमानं म्हणाली, "ये, बापा."

४

"आत्याबाई!" दुर्गाबाईनं तिला गदगदा हलवलं. "कोनाले ये म्हनलं?"

गंगूबाईनं तिच्या ओठांकडे पाहिलं. "अवं, कोनी तरी येतो म्हनलं ना? तू त बोलून नाई राहिली. मानसाले असं मोकळं जाऊ द्या लागते का?"

"तुमाले आयकू आलं?"

"काय म्हनतं?"

"आयकू आलं का म्हनलं!"

"मोठ्यानं बोल वं, दुर्गे. मले आयकू येत नाई."

रात्रभर दुर्गाबाईनं त्याची जुळवाजुळव केली. म्हातारीला भास झाला असेल. लेकाची वाट पाहून पाहून तिचं डोकं चळलं असेल. पण मग मला जो झाला तोच भास तिला, त्याच घटकेला? छे. वारा असेल. वाऱ्याला दुर्गाबाई म्हणता येतं का? तर मग कुणीतरी माणूसच असेल, आणि ज्याला तिच्याशी असा खेळ करायचं कारण आहे, असा जगात एकच माणूस होता.

हे मनात आलं आणि ती अंथरुणात उठून बसली. रुसलेला माणूस असा येईल. उघड येणार नाही. दोन दिवस लांबून खाकरेल, बायको काय म्हणते ते बघेल.

गुरुवारी तिनं कान देऊन ऐकलं. आणि खरंच, आवाज नत्थुजीचा होता! तोच जाडसर, नाकातून निघणारा. सोमवारी तसा नव्हता, आता होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती अर्धी उठली, आणि उठता उठताच एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरली, ती मग बाहेर निघेना.

नत्थुजीनं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. अठरा वर्षांच्या संसारात एकदासुद्धा नाही. नवरा बायकोला नावानं हाक मारतो का? तो म्हणे "अवं", फार तर "आयकली का वं". दुर्गाबाई म्हणत ती गिऱ्हाइकं. नदीच्या थडीवर, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, तीन उन्हाळे.

ती पुन्हा खाली बसली. तिला घाम फुटला होता आणि त्या घामाचाही राग येत होता.

शुक्रवारी सकाळी झिऱ्यावर गेली तर झिरा उकरलेला होता. कुणी भल्या माणसानं काम हलकं केलं म्हणावं, तर वाळू कशी पडली होती? माणूस झिरा उकरतो तेव्हा वाळू आपल्याकडे ओढतो. एका बाजूला ढीग पडतो, ढिगावर गुडघ्यांच्या खुणा पडतात. इथे वाळू चहूकडे सारखी फेकलेली होती. खुणा कुठेच नव्हत्या. आतून बाहेर लोटली होती ती.

आत पाणी होतं, निवळशंख. तिनं ते भरलं. त्या दिवशी वरण फार चवदार झालं, असं सगळे म्हणाले. तिनं स्वतः मात्र भाकर चटणीशी खाल्ली.

५

आखाजीच्या आदल्या दिवशी पंजाबराव स्वतः आला. नवी घागर आणली होती, वर एक मोठं पिवळं डांगर. दोन्ही चुलीपाशी ठेवून तो उभा राहिला. लांब नाकाचा, डोळे नत्थुजीचेच. त्याच डोळ्यांचा तिला राग यायचा.

"वहिनी, उद्या घागर भरा."

"हे उचला अन् चालते व्हा, भाऊजी."

"तीन वर्सं झाले. दादा पान्याले तरसून राहिला असंल."

"थो जित्ता हाय! जित्त्या मानसाची घागर भरता? लाज नाई वाटत? तुमीच बोलावलं होतं ना त्याईले, वाटनीले? एवढी घाई होती?"

पंजाबरावाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं घागरीवरचं डांगर सरळ केलं. मग म्हणाला, "म्या बोलावलं, हाव. मले झोप येते असं वाटते का तुमाले? पन म्या पान्यात उतराचं नव्हतं सांगतलं. पूर हाय त तुमी त्याले अडवलं काहून नाई?"

तिच्या हातात जे होतं ते, म्हणजे पिठाचा डबा, तिनं जमिनीवर आपटला. पीठ उडालं. गंगूबाईनं दचकून वर पाहिलं. तिला फक्त पीठ दिसलं.

"चालते व्हा म्हनलं ना!"

तो नदीकडच्या दारातून निघाला, कारण त्याला पलीकडे जायचं होतं. दारात थांबला.

"येतो, वहिनी."

ती बोलली नाही.

"वहिनी, ये त म्हना. नदी उतराची हाय मले."

गुडघाभर पाणी, त्याला काय ये म्हणायचं! आणि शिवाय तिला आता त्या शब्दाची भीती वाटत होती, हे त्याला कोण सांगणार? तिनं पाठ फिरवली. तो जरा वेळ उभा राहिला आणि गेला. तो पार पलीकडच्या थडीला लागेपर्यंत तुराट्यांच्या फटीतून ती बघत होती. कुणाला कळलं नाही, पण बघत होती.

६

आखाजीच्या दिवशी वाळूवर कुणी येत नाही. ज्याच्या त्याच्या घरी पितर जेवतात. ठेका बंद, मांडव रिकामा. दुर्गाबाई गावातल्या घरी राहू शकली असती. पण गंगूबाई सकाळपासून एकच धरून बसली होती, "वाळूवर चाल. आज येईन थो." तिच्यासाठी म्हणून गेले, असं दुर्गाबाई नंतर स्वतःला सांगणार होती.

तिनं शेवया केल्या, भाकरी थापल्या, कुरडया तळल्या, आंब्याचा रस काढला. घागर कोपऱ्यात कोरडी पडून होती. दोघींपुरत्या दोन पत्रावळी तिनं मांडल्या. गंगूबाईनं तिसरी मांडली, नदीकडच्या दाराशी, दाराकडे पाठ करून. नत्थुजी नेहमी तसाच बसायचा, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून.

ऊन डोक्यावर आलं. वारा पडला. तुराट्यांत एक भुंगा गुणगुणत होता, तोही गप्प झाला.

"येतो दुर्गाबाई."

अगदी दाराशी.

आणि तिचा बांध फुटला. भीती होतीच, पण तीन वर्षांचा राग तिच्यापेक्षा मोठा होता. ती चुलीमागून ओरडली, "मंग ये ना! येतो येतो काय लावलं? ये एकदाचा, बस माह्या म्होरं अन् सांग, कोठी होता! म्हातारीचे कान गेले तुह्यापायी, माह्यी जिंदगी गेली! हाय तरी का नाई, येऊन सांग!"

दारातला उजेड कमी झाला. पुन्हा पूर्ववत झाला.

चूल आणि पंगत यांच्यामध्ये तुराट्यांची आडभिंत होती. फटींतून तिला पट्ट्या पट्ट्यांनी दिसलं. तिसऱ्या पत्रावळीशी पाठ करून कुणी बसलं होतं. अंगाला चिकटलेलं ओलं धोतर. पाठीवरून पाणी उतरत होतं आणि वाळूत जिरत नव्हतं, तिथेच साचत होतं. ओल्या पायाला वाळू चिकटतेच. त्या तळव्यांना एक कण नव्हता. झोपडीभर डोहाच्या तळाचा वास पसरला.

"आला का रे, नत्थू?" गंगूबाई म्हणाली. तिच्या तोंडावर असा आनंद दुर्गाबाईनं तीन वर्षांत पाहिला नव्हता. ती त्याला वाढू लागली, आणि पंख्यानं वारा घालू लागली.

एक हात पुढे आला, दिवसभर धुणं धुतल्यासारखा पांढरा, सुरकुतलेला. त्यानं भाकरीला नुसतं बोट लावलं आणि भाकर तिथल्या तिथे भिजून फुगली.

"भाबी, ठेचा जबर झाला," तो म्हणाला.

आवाज कुर्बानचा होता. पाठोपाठ कुर्बानचं हसू. मग एक म्हातारा गाडीवान, जो मागच्या साली वारला होता, तो खोकला: "दुर्गाबाई, थोडं वरन." मग तेल्हाऱ्याचा: "काही चुकलं का बाई?" मग पंजाबराव, कालचा, जसाच्या तसा: "वहिनी, ये त म्हना. ये त म्हना." पाठ हलत नव्हती. मान जरासुद्धा वळत नव्हती.

"बोल ना, बापा," गंगूबाई म्हणाली. "आयकू येते मले. तुह्यं सारं आयकू येते."

मग तो दुर्गाबाईच्या आवाजात बोलला. "या," तो म्हणाला. "या. या. या." चुलीपुढून मान वर न करता म्हटल्यासारखं. दुर्गाबाईनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं, कारण तिला क्षणभर वाटलं, की आपणच बोलतोय.

पाणी ठिबकल्याचा आवाज.

"जा!" तो तिच्या आवाजात ओरडला. "जा एकदाचा!"

तोच सूर, तोच शेवटी फाटलेला गळा. त्या दिवशी थडीवर कुणी नव्हतं. ती होती, नत्थुजी होता आणि पाणी होतं.

गंगूबाईच्या हातातला पंखा थांबला.

७

नत्थुजी रुसला नव्हता. हे दुर्गाबाईला तिथे, चुलीमागे, उभ्या उभ्या कळलं, आणि कळलं की ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिनं कोपऱ्यातली घागर उचलली आणि दरडीकडच्या दारानं बाहेर पडून, झोपडीला वळसा घालून झिऱ्यावर गेली. घागर काठोकाठ भरली. नदीकडच्या दाराबाहेर वाळूत ठेवली. डांगर आणायला आत जावं लागलं असतं, म्हणून तिनं पदराचं टोक घागरीच्या तोंडावर घातलं आणि डोळे मिटून म्हणाली, "नत्थुजी." जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. "नत्थुजीच्या नावानं. पानी घ्या. माह्यं चुकलं. माह्यं चुकलं, पन आता जित्त्यायच्यात बसू नोका."

डोळे उघडले तेव्हा आत कुणी नव्हतं. ओली पत्रावळ, फुगलेली भाकर आणि वाळूवर साचलेलं ओंजळभर पाणी. तेही तिच्यादेखत जिरलं.

ती दाराशीच मटकन बसली. कपाळावर हात नेला, कुंकवाला लावला, पण पुसवेना. रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. संपलं, असं तिला वाटलं.

गंगूबाई येऊन तिच्या शेजारी बसली. तिची नजर आता दुर्गाबाईच्या ओठांवर नव्हती. नदीवर होती.

तेव्हा डोहाकडून, लांबून, आवाज आला.

"येतो."

नाव नाही. बाई नाही. नुसतं 'येतो'. पाण्यात सांगड टाकून मागे वळून पाहणाऱ्या माणसाचं. थोडं घुश्शातलं, थोडं समजूत काढणारं. आता तरी काही बरं बोल, अशा अर्थाचं. हा आवाज तिनं तीन वर्षं रोज आठवला होता. हा कुणाकडून शिकलेला नव्हता. की होता? हाही त्याच दिवशी, त्याच थडीवर बोलला गेला होता ना?

तिनं पदर तोंडात कोंबला.

गंगूबाईनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतका जोर कुठून आला, कोण जाणे. तिनं तो पदर दुर्गाबाईच्या तोंडातून ओढून काढला.

"म्हन."

"आत्याबाई, थे तुमचा लेक नाई. पाह्यलं ना तुमी? थे थो नाई!"

"मले आयकू येत नाई," गंगूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. दुर्गाबाईचा सगळा राग जणू आता तिच्याकडे गेला होता. "माह्या लेक पान्यात उभा हाय. तवा तू काय म्हनली, थे मंगाशी आयकलं म्या. आता नीट म्हन."

"येतो," नदी म्हणाली. वाट बघत.

"म्हन वं, दुर्गे."

तीन वर्षं दुर्गाबाई हाच एक शब्द गिळून बसली होती. दुसरं कुणी त्याला तो देऊ शकत नव्हतं. समोर भरलेली घागर होती. ती भरली त्याला अर्धी घटकाही झाली नव्हती.

"ये," ती म्हणाली. राग न करता, हळू, जसं त्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं तसं.

गंगूबाईनं मनगट सोडलं आणि नवी पत्रावळ काढायला आत गेली. दुर्गाबाई झिऱ्याकडे बघत बसली. आधी घागर वाळूत थोडी कलली. मग झिऱ्यातली वाळू हळूहळू, चहूकडे सारखी, आतून बाहेर येऊ लागली.